दुपारचा रतीब

बांधावरच्या रस्त्याला कुठेच आडोसा नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला माणसाच्या उंचीची पाण्याची पाइपलाइन, आणि मधे जेमतेम सायकल जाईल एवढी वाट. मोटारी शिरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी खांब पुरलेत, सायकल तेवढी तिरकी करून आत घ्यायची. सकाळी कामावर जाताना वारा पाठीशी असतो, पॅडल न मारताही पोहोचू असं वाटतं. दुपारी घरी यायला निघालं की तोच वारा समोर छाती काढून उभा. सासूबाई म्हणायच्या, वाऱ्यालासुद्धा हिची खोड कळलीय, घाई असेल तेव्हाच आडवा येतो.

घाई मला रोजच असायची. घरी माझी मुलगी उपाशी असायची.

तिला आम्ही गोटी म्हणतो. डोकं वाटोळं, डोळे वाटोळे, खाली ठेवली की घरंगळत कुठेतरी जाणार. माझी रजा संपली तेव्हा ती नुकती कुशीवर वळायला लागली होती, आणि माझ्या अंगावरच्या दुधाशिवाय कशाला तोंड लावत नव्हती. वाटी-चमचा करून झालं, बाटली करून झाली. बाटली मी धरली तरी नाही, नवऱ्याने धरली तरी नाही; ओठ असे घट्ट मिटायची की जणू आम्ही तिच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतोय. दूध काढून ठेवायचं यंत्र आणलं. ते लावून मी तासन्‌तास बसायचे आणि वाटीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. यंत्राला माझं दूध येत नव्हतं, तिला येत होतं. मग ठरलं की दुपारी मीच घरी यायचं, तिला पाजायचं आणि परत जायचं.

मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. शहराला जाणारं पाणी आधी आमच्या बरण्यांमधून जातं. नदीचं पाणी ओळीने बरण्यांत भरायचं, प्रत्येकीत तुरटी थोडी थोडी वाढवत न्यायची, ढवळायचं आणि कुठल्या बरणीत गाळ नीट खाली बसतो ते बघत राहायचं. त्यावरून त्या दिवसाची तुरटी ठरते. ऊन असलं की नदी शहाण्यासारखी वागते, काम सकाळीच उरकतं. पाऊस पडला की पाणी चहासारखं होतं, आणि मग बरण्या परत भरा, परत ढवळा, परत वाट बघा. म्हणजे ज्या दिवशी रस्ता सगळ्यात वाईट, त्याच दिवशी मी सगळ्यात उशिरा निघणार. साहेबांनी दुपारची मोठी सुट्टी दिली होती, बदल्यात संध्याकाळी थांबायचं. ते भले गृहस्थ आहेत, पण गाळाला माझ्या मुलीच्या भुकेची वेळ कळत नाही, त्याला ते तरी काय करणार?

मोठ्या रस्त्यावरून बस आहे, ती अख्ख्या शहराला वळसा घालून जाते. तिच्या नादी लागले असते तर गोटीला दुपारचं दूध रात्री मिळालं असतं. म्हणून सायकल. उन्हाळ्यात डोक्यावर ओला टॉवेल, थंडीत छातीशी वर्तमानपत्राची घडी, कारण वारा स्वेटरमधून शिरतो पण कागदातून शिरत नाही. धुक्यात सतत घंटी वाजवत यायचं, समोरून कुणी येत असो वा नसो. आणि निघाल्यावर अर्ध्या वाटेत, रस्त्यावर कुणाचंही मूल रडलं, साधं मांजर ओरडलं, तरी माझं दूध सुटायचं. शर्ट भिजायचा. पावसात बरं, कळत नसे.

घर दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून बांधाचं शेवटचं वळण दिसतं. सासूबाई गोटीला खांद्यावर घेऊन तिथे उभ्या असायच्या आणि मी वळणावर दिसले की तिला सांगायच्या, आला गं बाई आपला रतीब. मी जिना चढेपर्यंत दार उघडलेलं असायचं. मी हात धुऊन, घाम पुसून भिंतीला टेकून बसायचे आणि गोटी माझ्यावर अशी तुटून पडायची की सासूबाई म्हणायच्या, हळू गं, तुझी आई सायकलवरून आलीय, सायकलच नाहीये ती. मग माझ्या पुढ्यात ताट ठेवायच्या. एका हाताने मी जेवायचे. त्या माझ्याकडे न बघता बोलायच्या: रोज रोज ही धावपळ कुणी सांगितलीय, रडून रडून कुठलं पोर मेलंय का, आमच्या वेळी आम्हीही कामं केली, पण असा जीव धोक्यात घालून नाही. हे सगळं मला टोमणे वाटायचं. नोकरी करते म्हणून, सायकलवर हिंडते म्हणून, पुस्तकं वाचून मूल वाढवते म्हणून. मी मान खाली घालून जेवायचे आणि मनातल्या मनात उत्तरं द्यायचे.

त्यांच्यात आणि माझ्यात भांडण असं कधी झालं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहे, सकाळी जातो तो रात्री येतो. घरात दिवसभर त्या आणि गोटी. गोटीचं सगळं त्या करायच्या, अंघोळ, मालीश, झोपवणं. पाजणं तेवढं माझं होतं. तेवढं एकच माझं होतं, आणि ते मी कुणाला देणार नव्हते. वर्षभर तरी नाही, असं मी घरात सांगून टाकलं होतं.

एका दुपारी पावसाने धरलं होतं. नदी वरून नुसती लाल येत होती आणि माझ्या एकाही बरणीतला गाळ खाली बसत नव्हता. निघायला भलताच उशीर झाला. बांधावर मध्यापर्यंत आले असेन, तर गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन वाजला. सासूबाई विचारत होत्या, निघालीस का. मागे गोटी रडत होती, नुसती रडत नव्हती, मधेच श्वास अडकत होता तिचा. एका हातात फोन आणि एका हातात हँडल धरून मी जोरात पॅडल मारायला लागले. पुढचं चाक चिखलात सरकलं आणि मी पाइपलाइनवर आदळले. कोपर सोलवटलं, चेन उतरली. फोन पिशवीत पडला होता, मला वाटलं कट झाला. चेन बसवली, हात गवताला पुसले आणि निघाले.

घरी सांगितलं, प्रयोगशाळेत कपाट लागलं. पडले म्हटलं असतं तर सायकल बंद करायला निमित्त मिळालं असतं. सासूबाईंनी कोपराला हळद लावली, आणि लावता लावता एवढंच म्हणाल्या, फोन बंद करायला काय होतं गं तुला. मला राग आला. पोर रडून लाल झालंय, माझ्या हातातून रक्त येतंय, आणि ह्यांना फोनच्या बॅटरीची पडलीय.

पुढचं मला बऱ्याच नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते, नाहीतर माझ्यासारखे तुम्हीही भलतीकडे शोधत बसाल. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई गोटीला डब्यातल्या दुधाच्या बाटलीची सवय लावायला लागल्या. आमच्या हातून न घेणाऱ्या मुलीला त्यांनी ती कशी घ्यायला लावली, तर माझा कालचा सायकलवरचा शर्ट, घामाचा, दुधाचे डाग असलेला, धुण्यातून काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला. गोटीला पाठमोरी मांडीवर घेतलं, म्हणजे तोंड दिसू नये, आणि खिडकीकडे वळवलं. माझा वास येत होता, समोर रस्ता होता. तीन-चार दुपारी तिने थुंकून टाकलं. मग एकदा घेतलं.

मला दिसलं ते एवढंच, की गोटी पूर्वीसारखी तुटून पडत नाही. यायची, दोन घोट घ्यायची, इकडेतिकडे बघायची, माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळत बसायची. माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी वाटलं, दात येतायत. मग वाटलं, कान दुखतोय. मग रसायनशास्त्रातली पदवी कामाला आली आणि मी ठरवलं की माझ्या अंगाला क्लोरीनचा वास येतोय. क्लोरीनच्या खोलीत जायचं बंद केलं, ते काम दुसऱ्याला दिलं. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग पाजायचं. साबण बदलला, मग साबणच बंद केला. डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटसुलट करून पाहिलं, वजन केलं, म्हणाल्या, मूल मजेत आहे, आई काळजीत आहे. आता औषध कुणाला देऊ? सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं, कारण विनोदावर न हसणारी ती बाई नव्हे.

शेवटी मी असं धरून चालले की मी उशिरा पोहोचते म्हणून हे होतंय. भूक लागून, रडून, मरून जात असेल भूक तिची. मी येते तेव्हा तिला प्यायचं त्राणच उरत नसेल. म्हणजे मला लवकर यायला हवं. मग मी सायकल अशी चालवायला लागले की बांधावरचे मासे धरणारे गळ बाजूला घेऊन उभे राहायचे. पावसात रेनकोट घालण्यात वेळ जातो म्हणून तोही बंद केला. चिंब होऊन, धापा टाकत, कधी ओठ निळे झालेले अशी मी दारात उभी राहायचे. आणि सासूबाई माझ्याकडे बघायच्या. मी समजायचे, नापसंतीने बघतायत. त्या दिवसांत त्यांचे टोमणेही बंद झाले होते.

वादळ होऊन गेलं त्यानंतरच्या दिवशी वारा फिरला. बांधावर आले तेव्हा मला आधी कळेचना की आज काय वेगळं आहे. सायकल आपली आपण चालली होती. नदीवरच्या लाटासुद्धा घराकडे निघाल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी गाणं म्हणत आले. वळण कधी गेलं कळलं नाही, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. दार लोटलेलं होतं.

सासूबाई खिडकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. मी दिसायच्या वेळेला अजून अवकाश होता, म्हणून त्या वळणाकडे बघत नव्हत्या, गोटीच्या टाळूकडे बघत होत्या. खांद्यावर माझा शर्ट. मांडीवर पाठमोरी गोटी, दोन्ही हातांनी बाटली धरलेली, पायाच्या बोटांनी ताल धरलेला. पिण्याचा आवाज येत होता, तो माझ्या ओळखीचा होता. कितीतरी दिवसांत मी तो ऐकला नव्हता.

त्यांनी मान वळवली.

"आज लवकर?" त्या म्हणाल्या.

"वारा फिरलाय. पाठीमागून होता."

त्यांनी बाटली लपवली नाही, काढूनही घेतली नाही. काढली असती तर गोटी रडली असती. मी दारातच उभी राहिले.

"कधीपासून?"

"तू पडलीस तेव्हापासून."

"कोण म्हणालं मी पडले?"

"कुणी सांगायला कशाला हवं? फोन चालूच होता." त्या हळू बोलत होत्या, गोटी बिचकू नये म्हणून. "आधी तू ओरडलीस. मग सायकल पडल्याचा आवाज आला. मग नुसता पाऊस. मी हाका मारतेय, मारतेय, तू ओ देईनास. ही इकडे रडून निळी पडायला आली होती आणि मला हिचं रडणं ऐकूच येईना. मी त्या पावसाला कान लावून बसले होते. वळणावर दिसलीस तेव्हा जीवात जीव आला. आणि वर येऊन म्हणतेस, कपाट लागलं."

माझा हात कोपरावर गेला.

"तेव्हाच ठरवलं, हिच्या भुकेपायी तुला त्या रस्त्यावर पळवायचं नाही."

"मला सांगायचंत, आई."

"ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. ते त्यांना ठाऊक होतं, मलाही.

"मला वाटलं, ही पीत नाही असं दिसलं की तू आपोआप यायची थांबशील," त्या म्हणाल्या. "तू तर जास्तच जोरात यायला लागलीस."

"मला वाटलं, ती उपाशी राहतेय."

बाटली रिकामी झाली. सासूबाईंनी गोटीला वळवून खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, तिने ढेकर दिला. मग तिला मी दिसले आणि ती हसली. पोट भरलेलं मूल ज्याला त्याला हसतं. मी हात पुढे केले, ती आली, माझ्या शर्टाचं वरचं बटण धरलं आणि तशीच झोपून गेली. माझी छाती दगडासारखी झाली होती. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि दूध पिळून टाकलं. पाणी वाहून गेल्यावरही बराच वेळ मी तिथे उभी होते.

रात्री नवऱ्याला दोघींनी आपापलं सांगितलं. तो म्हणाला, पोरीचं पोट भरतंय ना, मग भांडण कशाचं? आणि आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून खाली गेला आणि माझ्या सायकलचे ब्रेक आवळत बसला.

मी दोन दिवसांची रजा घेतली. वाचलं होतं की बाटली बंद केली, मूल दिवसभर जवळ ठेवलं, तर परत येतं दूध, परत पितं मूल. सासूबाईंनी बाटली स्वतःहून उचलून माळ्यावर टाकली. मला एका शब्दाने अडवलं नाही. त्यांनी अडवलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडायला कुणीतरी हवं होतं.

पहिल्या दिवशी गोटीने सकाळचं घेतलं, सवयीने. दुपारी दोन घोट घेतले आणि मान मागे टाकली. परत लावलं, परत टाकली. माझं दूध थेंबाथेंबाने येत होतं आणि तिला आता धारेची सवय झाली होती. कमी दाबाच्या नळाखाली बादली धरून उभ्या असलेल्या बाईसारखी ती माझ्याकडे बघायची. आमच्या केंद्रावर अशा बायकांच्या तक्रारी येतात, आम्ही त्यांना सांगतो, थोडं थांबा, दाब वाढेल. ती कशी थांबणार? ती रडायला लागली. मी फिरवलं, गाणी म्हटली, अंधार केला, परत छातीशी घेतलं. तिने मला दोन्ही हातांनी ढकललं. इवलेसे हात, पण ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा आवाज बसला. रडायची, पण आवाज यायचा नाही, नुसतं तोंड उघडायचं. सासूबाई बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, घासलेलीच परत घासत होत्या. मग दार उघडल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन पाहिलं तर त्या जिन्यात बसल्या होत्या, पायरीवर, दोन्ही कानांत बोटं घालून.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी वर पाहिलं.

"बाटली कुठे टाकलीत?" मी विचारलं.

त्या धावत आत गेल्या. त्यांना मी धावताना कधी पाहिलं नव्हतं. माळ्यावरून बाटली काढली, पाणी उकळलं, डब्यातली पूड घालताना अर्धी ओट्यावर सांडली. मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि मग बाटली माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "तू पाज."

मी तिला मांडीवर घेतलं, माझ्याकडे तोंड करून. ती घेईना. माझ्याकडे बघायची आणि मान फिरवायची. सासूबाई दाराशी उभ्या होत्या.

"तशी नाही घेत ती," शेवटी म्हणाल्या. "पाठमोरी घे. खिडकीकडे."

मी स्टुलावर बसले आणि गोटीला खिडकीकडे वळवलं. तिने बाटली दोन्ही हातांनी ओढून घेतली आणि वळणाकडे बघत बघत प्यायला लागली. डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं. ती पीत होती आणि रस्त्यावर नजर लावून बसली होती, आणि मी तिच्या पाठीशी होते, तिला न दिसणारी.

पहाटेचं आणि झोपतानाचं आणखी थोडे दिवस चाललं. मग एका रात्री ती न मागताच झोपली, आणि दुसऱ्या रात्रीही.

मी दुपारी घरी येणं बंद केलं. सासूबाई म्हणाल्या, येत जा की, नुसती भेटायला. मी म्हटलं, बघू. आता डबा नेते, सगळ्यांबरोबर जेवते. साहेबांनी माझी सुट्टी पहिल्यासारखी केली, त्यामुळे संध्याकाळी थांबावं लागत नाही. गोटी जागी असते मी येते तेव्हा. सगळ्यांना बरं झालं.

परवा हवा अशी पडली होती की नदीवर सुरकुती नाही. ऊन नाही, पाऊस नाही, वारा नाही. फारसं काम नव्हतं तरी मी दिवसभर बरण्यांशीच होते. पाणी इतकं नितळ की तुरटी जवळजवळ लागलीच नाही. काम संपवून बरण्या धुऊन उपड्या घातल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. दुपारी घरी निघायची माझी जुनी वेळ कधीच टळून गेली होती. दुपार गेली होती आणि माझ्या अंगाला काही कळलं नव्हतं. मी शर्टाला हात लावून पाहिला. कोरडा होता.